आधी कुलूप, मग खाण

"रात्री बारा वाजता कसलं दळण काढता हो?" शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, तेव्हा काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. आमच्याकडे घरघंटी नाही. आवाज येत होता तो बाल्कनीत ठेवलेल्या बिटकॉइन मायनिंगच्या यंत्राचा. २०१६ सालचं मॉडेल, कोणीतरी वापरून विकलेलं, आकाराने चपलांच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं. पण त्याच्या दोन्ही टोकांचे पंखे सुरू झाले की घरात बोलायचं ते ओरडूनच. पाचव्या दिवशी जळकट वास आला. मी शहाणपणा करून ते साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटला जोडलं होतं, आणि थ्री-पिन टॉपची एक पिन आत वितळून चिकटली होती. यंत्र ओढत होतं जेमतेम सहा अँपिअर, पण चोवीस तास. इस्त्री तापली की थांबते, हे थांबत नाही. वायरमनने सॉकेट उघडून काळी पडलेली वायर दाखवली आणि म्हणाला, "साहेब, गिझरला वेगळी लाइन टाकता ना? मग याला नको का?"

हे यंत्र मी पैशांसाठी घेतलं नव्हतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. 'घरी मायनिंग करा, तुमची डिजिटल सुरक्षितता तुमच्या हातात ठेवा' असं बरंच वाचलं होतं आणि ते पटलंही होतं. आता इतक्या दिवसांनी सांगतो, त्या वाक्यात अर्धं खरं आहे. ते अर्धं कोणतं, हे कळल्याशिवाय कोणी यंत्राची ऑर्डर देऊ नये.

पान लिहिणारे आणि पान तपासणारे

बिटकॉइन ही एक खातेवही आहे. तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत. ३ जानेवारी २००९ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने तिचं पहिलं पान लिहिलं गेलं आणि तेव्हापासून साधारण दर दहा मिनिटांनी एक नवं पान जोडलं जातं. पान लिहिण्याचा मान कोणाला मिळणार, हे लॉटरीसारखं ठरतं. पानावरचा मजकूर आणि एक बदलता आकडा एसएचए-२५६ नावाच्या सूत्रातून काढायचा. येणारी संख्या ठरलेल्या मर्यादेच्या खाली आली तर तुम्ही जिंकलात, नाहीतर आकडा बदलून पुन्हा. यात डोकं लागत नाही, वेग आणि वीज लागते. जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात, म्हणून या कामाला मायनिंग, म्हणजे खाणकाम म्हणतात. सुरुवातीला एका पानामागे ५० मिळत. दर २,१०,००० पानांनंतर बक्षीस निम्मं होत आलं आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. यंत्रं वाढली म्हणून नाणी भराभर निघत नाहीत, कारण दर २०१६ पानांनी कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते.

जुन्या पानात खाडाखोड करायची तर हा सगळा उपद्व्याप पुन्हा करावा लागतो, तोही बाकी सगळ्या जगापेक्षा जास्त वेगाने. म्हणून हे काम जितक्या हातांत विखुरलेलं, तितकी वही सुरक्षित. जिथे ते थोडक्या हातांत होतं तिथे दगाफटका झालाही आहे. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डवर, जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिकवर कोणीतरी बहुमताएवढा वेग जमवून स्वतःचेच दिलेले पैसे उलटे फिरवले. ही त्या मानाने छोटी नाणी. पण खुद्द बिटकॉइनमध्येही जून २०१४ मध्ये घॅश-आयओ या एकाच पूलकडे निम्म्याहून जास्त वेग गोळा झाला होता. पूल म्हणजे खाणकाम करणाऱ्यांची भिशीच म्हणा: सगळ्यांनी मिळून तिकिटं काढायची, लागलं की वाटून घ्यायचं. तेव्हा गवगवा झाला, अनेक सभासदांनी आपली यंत्रं दुसरीकडे वळवली आणि त्या पूलचा वाटा उतरला. घरच्या मायनिंगचं खरं मोल इथे दिसतं. यंत्र तुमच्या घरात असेल तर दोन मिनिटांत पूल बदलता येतो. भाड्याच्या गोदामातलं यंत्र तुमच्या नावावर असलं तरी तुमच्या हातात नसतं.

इथवर ठीक. पण ही सुरक्षितता वहीची झाली, तुमची नव्हे. रात्री वस्तीत गस्त घालायला जाणं आणि आपल्या दाराला कुलूप लावणं ही दोन निराळी कामं आहेत. बहुमत हाती आलेला हल्लेखोरसुद्धा तुमच्या वॉलेटमधून एक पैसा काढू शकत नाही, त्याला तुमची किल्ली लागते. उलट, तुमच्या बाल्कनीत दहा यंत्रं घरघरत असली तरी ईमेलचा पासवर्ड जन्मतारखेचा ठेवला असेल तर ती यंत्रं तुम्हाला वाचवणार नाहीत.

आणि लिहिणाऱ्यांपेक्षा तपासणारे भारी पडतात, हे २०१७ मध्ये दिसलं. मायनिंगचा बहुतांश वेग हाती असलेल्या कंपन्यांनी पानाचा आकार दुप्पट करायचा करार केला होता. आपापल्या घरी, कार्यालयात नोड चालवणाऱ्या अनेकांनी तो नियम मान्य करायला नकार दिला. नोड म्हणजे वहीची पूर्ण प्रत ठेवून प्रत्येक पान नियमानुसार आहे की नाही हे तपासणारा संगणक. नियमबाह्य पान कितीही वीज जाळून लिहिलेलं असो, नोड ते फेकून देतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती योजना सोडून द्यावी लागली.

बिल समोर ठेवून हिशेब

माझ्या यंत्राचा वेग, म्हणजे सेकंदाला आकडे आजमावण्याचा, होता १३.५ टेराहॅश, वीज १,३५० वॉट. दिवसाला ३२.४ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढेल तसा टप्पा चढतो, आणि महिन्याला ५०० युनिटच्या पुढे गेलात की एक युनिट १५ रुपयांच्या वर जातं. आपण सोयीसाठी १५ च धरू: दिवसाचा खर्च ४८६ रुपये.

आता मिळकत. २०२५ मध्ये साऱ्या नेटवर्कचा वेग १,००० एक्झाहॅशच्या, म्हणजे १०० कोटी टेराहॅशच्या घरात पोहोचला. दिवसाला १४४ पानं, प्रत्येकी ३.१२५, म्हणजे ४५० नाणी जगभरात वाटली जातात. त्यात माझ्या १३.५ टेराहॅशचा वाटा काढा आणि हिशेबापुरती एका बिटकॉइनची किंमत १ कोटी रुपये धरा. हाती येतात सुमारे ६१ रुपये. चारशे शहाऐंशी घालून एकसष्ट मिळवायचे. भेळेची गाडी लावली असती तर बरं झालं असतं, असं आमच्या घरातल्या एका व्यक्तीचं मत पडलं.

नवं यंत्र घेतलं तर? अँटमायनर एस२१ चा वेग २०० टेराहॅश, वीज ३,५०० वॉट. महिन्याला २,५२० युनिट, त्याच दराने ३७,८०० रुपये. मिळकत त्याच हिशेबाने २७,००० रुपयांच्या आसपास. किंमत, नेटवर्कचा वेग आणि तुमचा युनिटदर, हे तीनच आकडे बदलून हे गणित वहीच्या कोपऱ्यात कोणालाही करता येतं. विक्रेता दाखवतो त्या तक्त्यात युनिटचा दर काय धरलाय तेवढं आधी पाहा. तो पाच-सहा रुपये असेल तर तो तुमच्या घराचा नाही.

'छतावर सोलर आहे, वीज फुकट' असं म्हणणारे भेटतात. तीन किलोवॉटचं सोलर दिवसाला साधारण १२ युनिट देतं. माझ्या त्या म्हाताऱ्या यंत्रालाही ते पुरणार नाही. शिवाय ती वीज यंत्राला दिली नाही तर नेट मीटरिंगमधून तुमचंच बिल कमी करते, म्हणजे ती फुकट कधीच नव्हती.

कराची बाजू तर आणखी कडक. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आभासी मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर आहे. त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते, आणि मायनिंगच्या यंत्रांवर, उभारणीवर झालेला खर्च खरेदीच्या किमतीत धरला जाणार नाही, असं सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केलं. तोटा दुसऱ्या उत्पन्नात वळता करता येत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस वेगळाच. तेव्हा थोडी जरी नाणी निघाली तरी ती कोणत्या तारखेला किती आली याची नोंद ठेवा आणि विवरणपत्र भरण्याआधी सीएला दाखवा.

एवढ्यावरून 'मग करूच नये का' असं विचाराल. कमाईसाठी, महाराष्ट्रातल्या घरगुती मीटरवर, करू नये. हे मी स्पष्टच सांगतो. शिकण्यासाठी आणि वहीच्या राखणीत खारीचा वाटा उचलण्यासाठी करायचं असेल तर मार्ग वेगळा आहे, आणि त्यात यंत्राचा नंबर दुसरा लागतो.

पहिलं पाऊल: नोड

कपाटातला जुना लॅपटॉप काढा. आठ जीबी रॅम असली की भागतं. बॅटरी तासभर टिकत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण वीज गेली तरी नोड मध्येच आपटत नाही. २ टीबीचा एसएसडी जोडा. पूर्ण वही आज ७०० जीबीच्या आसपास आहे आणि वाढतच आहे, म्हणून १ टीबीवर पैसे वाचवू नका. एवढा खर्च नको असेल तर प्रूनिंगचा पर्याय आहे. त्यात नोड सगळी पानं एकदा तपासतो आणि जुनी टाकून देतो, मग थोड्या जागेत काम भागतं.

'बिटकॉइन कोअर' हे सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, सर्च इंजिनवरच्या जाहिरातीतल्या दुव्यावरून नको. फाइल उतरली की तिचा चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का हे सांगणारा आकडा, जुळवून पाहा. हा पाच मिनिटांचा कंटाळा करू नका, कारण बनावट वॉलेट आणि बनावट नोड हा चोरांचा आवडता धंदा आहे. पहिल्यांदा सगळी वही उतरायला साध्या लॅपटॉपवर काही दिवस लागतात. फायबरच्या प्लॅनमध्ये महिन्याची डेटा मर्यादा किती आहे ते आधी पाहा, नाहीतर मुलांची ऑनलाइन शिकवणी अडकेल आणि बोलणी तुम्हाला बसतील.

नोडने तुमच्या सुरक्षिततेत नेमकी काय भर पडते? तुमचं वॉलेट या नोडला जोडलंत की पैसे खरोखर आले का, हे तुम्ही कोणाला न विचारता स्वतःच्या वहीत पाहता. तुमच्याकडे किती आहे, कोणते पत्ते तुमचे आहेत, हे परक्या सर्व्हरला कळत नाही. वीज लागते बल्बाएवढी, आवाज नाही, आणि काकू जिन्यात अडवत नाहीत. कमाई मात्र शून्य. 'डिजिटल सुरक्षितता' या शब्दाला जागेल असं घरात काही असेल तर ते हे.

दुसरं: हौसेचं यंत्र

नोड महिनाभर नीट चालला की मग छोटं यंत्र आणा. बिटॅक्ससारखी खुल्या आराखड्याची यंत्रं तळहातावर मावतात. एक ते सव्वा टेराहॅश वेग, पंधरा-अठरा वॉट वीज, महिन्याला १३ युनिटच्या आसपास. ते एकट्याने पान जिंकायची शक्यता मोजली तर सरासरी सोळा हजार वर्षं येतात. तेव्हा लागलं तर नशीब, नाहीतर लॉटरीच्या तिकिटापेक्षा शिकायला बरंच जास्त. स्वतःच्या नोडवरून पान कसं रचलं जातं, कोड्याची काठिण्यपातळी कशी बदलते, हे डोळ्यांसमोर दिसतं. पूलला जोडायचं तर सर्वांत मोठे दोन-तीन सोडून वेगळाच निवडा. आज दोन-तीन पूल मिळून बहुतांश पानं लिहितात, त्यांच्या ढिगाऱ्यात भर घालून विकेंद्रीकरणाच्या गप्पा कशाला? पानात कोणते व्यवहार घ्यायचे हे सभासदाला ठरवू देणारी स्ट्रॅटम व्ही-२ सारखी व्यवस्था असेल तर उत्तम.

मोठं यंत्र ठेवायचाच हट्ट असेल तर आधी वायरमनला बोलवा. स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतःचा एमसीबी, नीट अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तो पाहा, आणि लक्षात ठेवा, घरगुती मीटरवर धंद्यासाठी वीज वापरली तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी खारी हवा धरून चालावी. पंखे ती हवा दिवसरात्र सर्किटवर मारत असतात.

जुनं यंत्र घेतलंत तर आणखी एक काम. माझ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये पूलसाठी तीन ओळी होत्या. पहिल्या दोन मी बदलल्या. तिसरीत आधीच्या मालकाचं खातं तसंच होतं. माझा पूल बंद पडला की माझी वीज त्याच्यासाठी राबणार! ते कळायला मला तीन आठवडे लागले. म्हणून वापरलेल्या यंत्रावर आधी कंपनीचं मूळ फर्मवेअर नव्याने चढवा, मग कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. अशा अनेक यंत्रांचं लॉगिनचं नाव आणि पासवर्ड दोन्ही 'रूट' असतं आणि ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. यंत्र घरातल्या मुख्य नेटवर्कवर ठेवू नका. राउटरवर गेस्ट नेटवर्क काढून त्यावर टाका, म्हणजे त्यात काही शिरलंच तर ते तुमच्या बँकेच्या कामाच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचणार नाही. बाहेरून यंत्र बघता यावं म्हणून राउटरचं पोर्ट उघडून ठेवणं म्हणजे मागचं दार सताड उघडं टाकून गावाला जाणं.

आणि 'मोबाइलवर बटण दाबून मायनिंग' हे मायनिंग नव्हे. फोनची ती ताकदच नाही. गुगल आणि ॲपल या दोघांनीही २०१८ मध्येच फोनवर मायनिंग करणारी ॲप आपल्या दुकानातून बंद केली. लॅपटॉप काही न करता तापत असेल, पंखा ओरडत असेल तर कोणीतरी तुमच्या विजेवर मोनेरो नावाचं नाणं काढत नाही ना, ते तपासा. मोनेरो साध्या प्रोसेसरवर निघतो, म्हणून चोरट्या मायनिंगवाल्यांना तोच आवडतो.

'क्लाउड मायनिंग'बद्दल पुणेकरांना मी काय सांगावं. 'गेनबिटकॉइन'ने दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन देऊन माणसं गोळा केली. यंत्रं कुठेतरी दूर, तुम्ही फक्त नाणी द्यायची. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली. त्या प्रकरणाचा पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. तपासात मदतीला घेतलेल्या दोघा सायबरतज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. आरोप होता की आरोपींच्या वॉलेटमधली नाणी त्यांनी परस्पर वळवली. ज्याने किल्ली पाहिली, नाणं त्याचं. पावती, पंचनामा, शिक्का, या वहीला काही कळत नाही.

किल्ली

तेव्हा सगळ्यात मोठं काम कमी विजेचं आहे. वॉलेट सुरू करताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. तीच किल्ली. ते शब्द कागदावर, शाईने, क्रमाने लिहा. फोटो काढू नका, कारण तो गुपचूप क्लाउडवर चढतो. स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवू नका. दोन प्रती करून एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. निम्मे शब्द इथे आणि निम्मे तिथे असा शहाणपणा नको. एक अर्धा हरवला की सगळं गेलं. रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट घ्या, पण थेट कंपनीकडून. खोक्यात आधीच छापलेले शब्द आले तर ते परत करा. ते तुमच्याआधी कोणीतरी वाचले आहेत.

मायनिंगचं उत्पन्न एक्स्चेंजच्या खात्यावर घेऊ नका, थेट स्वतःच्या पत्त्यावर घ्या. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवरून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली, तेव्हा खातेदारांचे पासवर्ड अगदी शाबूत होते. किल्ल्या त्यांच्याकडे नव्हत्या, एवढंच. पत्ता कॉपी करून चिकटवलात की पहिली पाच आणि शेवटची पाच अक्षरं ताडून पाहा. मधल्यामध्ये पत्ता बदलणारे व्हायरस आहेत. पहिल्यांदा अगदी थोडी रक्कम पाठवा. मग वॉलेट पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. ते जमलं तरच पुढची रक्कम. ही तालीम न करता कागद तिजोरीत ठेवणारे मला पुष्कळ भेटतात. त्यातल्या एकाने नववा शब्द दोनदा लिहिला होता आणि दहावा लिहिलाच नव्हता.

माझं ते दळणाचं यंत्र आता माळ्यावर आहे. नोड चालू आहे, टीव्हीच्या मागे, जुन्या लॅपटॉपवर. बँकेत नॉमिनी असतो, या किल्लीला नाही. तेव्हा तो कागद कुठे आहे आणि तो कशाचा आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला आज रात्री जेवताना सांगून ठेवा.